पेशीच्या आकृतीतली ती पांढरी जागा

मागच्या अंकात पेशी आणि पेशीतलं रसायन या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रांचा गठ्ठा आला. सगळी उत्तरं या पानांत बसणार नाहीत, म्हणून सहा प्रश्न निवडले. ते एकमेकांत बरेच गुंतलेले आहेत, त्यामुळे एकाच्या उत्तरात दुसऱ्याचाही थोडा उलगडा होईल. नव्या वाचकांसाठी माझी ओळख सांगते. आधी चार वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं, मग एकतीस वर्षं महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पण सूक्ष्मदर्शक अजून माझ्या टेबलावरच असतो.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. आकृतीत पेशी म्हणजे एक गोल, मध्ये केंद्रक, इकडेतिकडे दोन-तीन तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) आणि बाकी सगळं पांढरं. त्या पांढऱ्या जागेत काय असतं? वर्गात विचारलं तर ‘पेशीद्रव’ एवढंच उत्तर मिळालं. – एक विद्यार्थिनी

तू नेमकं बोट ठेवलंस. आकृती काढणाऱ्याचाही नाइलाज असतो. सगळं भरून काढलं तर नावांच्या रेघा ओढायला जागा उरणार नाही. पण त्या पांढऱ्या रंगामुळे आपल्या मनात एक चुकीचं चित्र बसतं, की पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी आणि तिच्यात चार वस्तू तरंगताहेत. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही फळ्यावर तेच काढत होते.

पेशीच्या वजनात साधारण सत्तर टक्के पाणी असतं, हे खरं. उरलेल्या तीस टक्क्यांत मात्र काय दाटी असते बघ. जिवाणूच्या आतल्या द्रवात एका लिटरमागे ३०० ग्रॅमहून जास्त प्रथिनं आणि आरएनए भरलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन प्रथिनांमध्ये बहुधा आणखी एका प्रथिनापुरतीही फट नसते. प्रथिनं बनवणारे रायबोझोम, रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं म्हणजे विकरं (एन्झाइम), साखरेचे रेणू, क्षारांचे आयन म्हणजे विद्युतभारित कण, पेशीचं ऊर्जेचं चलन असलेला एटीपी, सगळं खांद्याला खांदा लावून. तुमच्या पेशी जिवाणूंपेक्षा थोड्या सैल असतात, पण रिकामी जागा तिथेही नाही.

आणि यातलं काहीही स्वस्थ नसतं. उष्णतेमुळे प्रत्येक रेणू सतत धडका खात असतो, सतत ढकलला जात असतो. कुणी वाट दाखवत नाही, तरी साखरेचा रेणू नुसत्या धक्क्याधक्क्यांतून दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, सेकंदाच्या दहाव्या हिस्स्याच्या आत पार करतो. विकराला त्याचा रेणू शोधत हिंडावं लागत नाही. या गर्दीत तो रेणूच येऊन त्याच्यावर आदळतो.

इथे एक गंमत आहे, ती वहीत लिहून ठेव. अशा धक्क्यांतून पसरण्याला विसरण म्हणतात, आणि त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. हाच रेणू एवढ्याच धक्क्यांवर एक मीटर जायचा म्हटला तर कित्येक वर्षं लागतील. पेशी लहान का असतात, या प्रश्नाचं एक मोठं उत्तर यात आहे. परीक्षेत ‘पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर’ लिहितात, तेही बरोबरच, पण मला स्वतःला हे उत्तर जास्त पटतं. कारण यात पेशीच्या आतला वेळ दिसतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळेत हायड्रिला या पाणवनस्पतीचं एक कोवळं पान माग. ते दोनच पेशींच्या थरांचं असतं, काप घ्यावा लागत नाही. पाण्याच्या थेंबात ठेव, वर आच्छादन काच, आणि आधी कमी भिंगाखाली मध्यशिरेजवळच्या लांबट पेशी शोध. सुरुवातीला हिरवे ठिपके जागच्या जागी दिसतील. दिव्याच्या उजेडात पाच-दहा मिनिटं तसंच राहू दे. मग एखादा ठिपका भिंतीच्या कडेने सरकायला लागतो, त्याच्यामागून दुसरा, आणि थोड्या वेळात पेशीभर रांग फिरताना दिसते. ती हरितलवकं, म्हणजे पानाला हिरवा रंग देणारे पेशीतले भाग, आहेत. त्यांना वाहून नेणारा द्रव आरपार स्वच्छ दिसतो, म्हणून चित्रात त्याला पांढरा रंग देतात. पण वाहतोय तो तोच. वर्गात हे पहिल्यांदा दिसलं की मुलींचा आवाज बंद व्हायचा, तो क्षण मला अजून आठवतो.

प्रश्न : मी कपडे शिवते. लेकीचं पुस्तक चाळताना वाचलं की पेशीभोवतीचं पटल मेदाचं असतं आणि फारच पातळ. एवढं पातळ असून ते फाटत कसं नाही? फाटलंच तर शिवतं कोण? – एक वाचक

ताई, तुमच्या धंद्यातलं कुठलंही कापड घ्या, त्याचे धागे एकमेकांत अडकवलेले असतात. पेशीपटलात कुणी कुणाला बांधलेलं नाही, आणि त्यामुळेच ते टिकतं.

पटलातल्या मेदाच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाणी चालत नाही. अशा रेणूंना पाण्यात सोडलं की शेपट्या आपोआप एकमेकींकडे वळतात, डोकी पाण्याकडे राहतात आणि दोन पदरांचा थर तयार होतो. खरं म्हणजे पाण्याचे रेणू एकमेकांचा हात सोडायला तयार नसतात, ते शेपट्यांना बाजूला सारतात. थराला धरून ठेवणारं बळ हे बाहेरच्या पाण्याचं आहे. म्हणून लहान भोक पडलं तर त्याच्या कडेच्या शेपट्या उघड्या पडतात, पाणी त्यांना लगेच आत ढकलतं आणि भोक मिटतं. शिवायला कुणी लागत नाही.

मोठं भोक पडलं तर निराळी तजवीज आहे. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर असतं, आत अगदी नगण्य. फाटलेल्या जागेतून कॅल्शियम आत घुसलं की तीच धोक्याची सूचना ठरते. मग आतल्या छोट्या पिशव्या त्या जागी येऊन पटलाला चिकटतात आणि ठिगळ लागतं. मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी ‘इक्सी’ नावाचा उपचार करतात, त्यात काचेच्या बारीक सुईने अंडपेशीत शुक्राणू सोडतात. अंडपेशी असते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. सुई पटल भेदून आत जाते, बाहेर येते, आणि पेशी भोक बुजवून पुढे विभागायला लागते.

तो थर दोनपदरी आहे हे कसं कळलं, ती हकिगत मला फार आवडते. १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये एव्हर्ट गोर्टर आणि एफ. ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. निवड विचारपूर्वक होती. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, तंतुकणिका नसतात, आत दुसरं कुठलंही पटल नसतं. म्हणजे तिच्यातून जेवढा मेद निघेल तो सगळा बाहेरच्या पटलाचाच. त्यांनी ॲसिटोनने मेद काढला, पसरट भांड्यातल्या पाण्यावर एकपदरी पसरवला आणि किती जागा व्यापतो ते मोजलं. उत्तर आलं पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट. एकपदरी थर दुप्पट भरतो, म्हणजे मूळ पटल दोनपदरी.

पुढे लक्षात आलं की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघत नाही, म्हणून मेद कमी भरला होता. आणि वाळलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढलं आणि उत्तर बरोबर आलं. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगायचे, कारण बरोबर उत्तर आलं म्हणजे पद्धत बरोबर, असं समजायची सवय लवकर लागते.

जाडीचं सांगायचं राहिलं. मेदाचा दोनपदरी थर सुमारे पाच नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरात असे दोन लाख थर एकावर एक बसतील. आणि त्यातला प्रत्येक रेणू सेकंदाला लाखो वेळा शेजार बदलतो. तेलाच्या तवंगाइतकं ते पटल पातळ आणि वाहतं असतं. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकत्र जोडली, दोघींच्या पटलांवरच्या प्रथिनांना दोन वेगळे चमकणारे रंग दिले. आधी अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. चाळीस मिनिटांनी रंग पूर्ण मिसळले होते. तुमच्या कुठल्याच कापडावरचं नक्षीकाम असं वाहून जाणार नाही, ताई.

प्रश्न : मी परिचारिका आहे. सलाईन ०.९ टक्केच का? साधं निर्जंतुक पाणी शिरेतून का द्यायचं नाही? शिकताना ‘रक्तपेशी फुटतात’ एवढं पाठ केलं होतं, पण का ते नीट कळलं नाही. – एक परिचारिका

तुम्ही हे रोज हाताळता, म्हणून सविस्तर लिहिते.

पटलातून पाणी जाऊ-येऊ शकतं, मीठ सहजी जाऊ शकत नाही. पेशीच्या आत विरघळलेले पदार्थ आहेत. बाहेर नुसतं पाणी आलं तर पाण्याचा ओढा जिकडे पदार्थ जास्त तिकडे, म्हणजे आत होतो. हेच परासरण. तांबडी पेशी मुळात दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी असते, तिला फुगायला वाव असतो. आधी ती गोल होते. पटल मात्र ताणलं जात नाही, आणि एका मर्यादेनंतर फुटतं. आतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं, आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास होतो. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातलं की बाहेरच्या कणांची संख्या आतल्याइतकी होते, पाण्याचा ओढा कुठल्याच बाजूला राहत नाही. पाच टक्के ग्लुकोजचंही गणित जवळपास तेच. फरक हा की ग्लुकोज नंतर पेशी वापरून टाकतात आणि मागे पाणीच उरतं, म्हणून ते सलाईनच्या जागी सरसकट चालत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही याची एक चाचणी करायचो. दहा-बारा परीक्षानळ्या ओळीने, पहिलीत ०.९ टक्के मीठ, पुढे थोडं थोडं कमी, शेवटच्या नळीत नुसतं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा एक थेंब. पहिल्या नळ्या गढूळ लाल दिसतात, कारण अखंड पेशी उजेड अडवतात. ०.५ टक्क्याच्या आसपास काही पेशी फुटू लागतात. ०.३ च्या खाली नळी एकदम पारदर्शक, लाल काचेसारखी होते. तिच्यामागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. रंग तोच, रक्त तेवढंच, पण पेशी एकही शिल्लक नाही. परासरण मला खऱ्या अर्थाने कळलं ते त्या अक्षरांतून.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, तेही सांगते, कारण रक्ताचे नमुने तुमच्याच हातून जातात. पेशीच्या आत आणि बाहेर कणांची संख्या सारखी असली तरी कण सारखे नसतात. आत पोटॅशियम सुमारे १४० आणि सोडियम १० ते १५. बाहेर उलट, सोडियम सुमारे १४० आणि पोटॅशियम ४ ते ५. आकडे मिलिमोल प्रति लिटरचे. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलातून दोघंही हळूहळू झिरपतात. पटलात बसलेला एक पंप एटीपी खर्च करून प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये दाखवून दिला, नोबेल मिळालं १९९७ ला. आपण नुसते पडून असलो तरी शरीराच्या एटीपीचा साधारण पाचवा हिस्सा या एका पंपावर जातो.

मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते. संध्याकाळी उशिरा एका रुग्णाच्या रक्ताचा नमुना आला. सकाळी करू म्हणून मी तो तसाच, द्रव वेगळा न काढता, फ्रिजमध्ये ठेवला. थंडीत काय बिघडणार? सकाळी पोटॅशियम आलं ७.८. माणसाचं हृदय थांबावं असा आकडा. रक्त फुटलं असेल म्हणून नळी उजेडात धरली, तर वरचा द्रव स्वच्छ पिवळसर, लालसर झाक अजिबात नाही. म्हणजे पेशी अखंड. मी निकाल लिहायला घेतला होता, तेवढ्यात आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञबाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, “रात्री कुठे होता नमुना?” ताजं रक्त मागवलं. ४.१ आलं.

थंडीत पंप जवळजवळ बंद पडतो, झिरपणं मात्र चालूच राहतं. रात्रभर पोटॅशियम पेशींतून बाहेर येत राहिलं होतं. पेशी दिसायला धडधाकट होत्या, पण आतबाहेरचा फरक ओसरत चालला होता. जिवंत पेशी कशाला म्हणायचं, हे मला त्या नळीने शिकवलं. म्हणून कळकळीने सांगते, पोटॅशियमसाठी काढलेलं रक्त वेगळं न करता फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि ते किती वाजता काढलं ते नळीवर लिहा.

प्रश्न : सर्वांत मोठी पेशी शहामृगाचं अंडं, हे खरं का? – एक वाचक

पूर्ण अंडं नव्हे. फलन न झालेल्या अंड्यातला पिवळा बलक ही पेशी, पांढरं आणि कवच नंतर बाहेरून चढतं. लांबीचा विचार केला तर तुमच्या अंगातच मीटरभर लांब पेशी आहेत. कण्याच्या खालच्या भागापासून पायाच्या बोटापर्यंत एकच चेतापेशी जाते. एवढ्या अंतरावर नुसत्या विसरणाचा उपयोग नाही हे वर सांगितलंच आहे. तिच्या आत सूक्ष्म नलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून चालणारी प्रथिनं माल ओढत नेतात, दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत.

प्रश्न : मी व्यायामशाळेत जातो. चरबी जाळायला ‘डीएनपी’ म्हणून पावडर मिळते, ती तंतुकणिकांचा वेग वाढवते असं एकाने सांगितलं. पेशीला खरंच असं जोरात पळवता येतं का? – एक तरुण वाचक

आधी उत्तर देते, मग कारण. घेऊ नका. एक चिमूटही नाही. ज्याने सांगितलं त्यालाही हे वाचायला द्या.

तंतुकणिकेला ‘पेशीचं ऊर्जाघर’ म्हणून सगळेच मोकळे होतात. पण तिथे जळत काहीच नाही. तिला दोन पटलं असतात, आतलं पटल घड्या घातलेलं. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून उतरत जातात आणि त्या उताराच्या जोरावर हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, पटलापलीकडे ढकलले जातात. एका बाजूला प्रोटॉन साठतात. धरणाच्या भिंतीमागे पाणी साठावं तसं. त्यांना परतायला एकच नीट वाट असते, एटीपी बनवणाऱ्या यंत्रातून. हे यंत्र खरोखर फिरतं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या एकट्या रेणूच्या आसाला चमकणारा धागा चिकटवला आणि तो गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तिथे एटीपी खर्च करून आस फिरवला होता. पेशीत उलट घडतं, प्रोटॉन आस फिरवतात आणि एटीपी तयार होतो.

पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ०.१५ व्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो पाच नॅनोमीटरवर आहे. एका मीटरचा हिशेब केला तर तीन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला तीस लाख पुरतात. एवढा ताण ते तेलाचं पातळ पटल अहोरात्र सोसतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा बरेच जाणकार ती मानायला तयार नव्हते. त्यांना नोबेल मिळालं ते १९७८ साली.

डीएनपी काय करतं, तर या पटलात विरघळून प्रोटॉनांना आडवाटेने परत आणतं. धरणाला भगदाड. यंत्र फिरायचं थांबतं, साठा मात्र रिकामा होत राहतो, म्हणून पेशी घाबऱ्याघुबऱ्या अन्न संपवत सुटते. वजन उतरतं, हे खोटं नाही. पण ती सगळी शक्ती उष्णता म्हणून बाहेर पडते. वेग वाढलेला नसतो, गळती लागलेली असते. १९३०च्या दशकात अमेरिकेत वजन कमी करायला ही गोळी सर्रास विकली गेली. लोकांना मोतीबिंदू झाले, काही जण ताप चढत जाऊन दगावले आणि १९३८ साली तिची विक्री थांबवावी लागली. या विषावर उतारा नाही. घेतलेला डोस परत काढता येत नाही आणि उपयोगाची मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे.

तुम्ही दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतका एटीपी बनवता, पण एका वेळी अंगात असतो फार तर पाव किलो. तोच पुन्हा पुन्हा भरला जातो. यंत्र आधीच पुरेशा वेगाने चालू आहे. व्यायाम नेमाने केलात तर स्नायूत तंतुकणिकांची संख्या वाढते, ती वाट तुम्ही धरलेलीच आहे.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, “पेशीत असतात ती सगळी रसायनं बाटलीत घातली आणि खूप हलवली, तर पेशी तयार होईल का?” मला उत्तर देता आलं नाही. – एक वडील

तुमच्या मुलाने जो प्रश्न विचारलाय त्यावर एकोणिसाव्या शतकातली मोठी मोठी माणसं भांडली.

त्या काळी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की सजीवांचं रसायन वेगळंच, त्यात काही तरी प्राणशक्ती लागते. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी लघवीत सापडणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर खलात घोटून फोडल्या, पिळून रस काढला. तो खराब होऊ नये म्हणून त्यात साखर घातली, तर रसातून बुडबुडे यायला लागले. एकही अखंड पेशी नाही, तरी साखरेचं अल्कोहोल होत होतं! पेशीतलं काम पेशीबाहेरही चालतं, ते करणारी विकरं ही रसायनंच आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झालं. विकरांशिवाय हे होणार नाही असं नाही, पण वाट बघायची तयारी हवी. डीएनएचा एक घटक बनवतानाची एक पायरी अशी आहे की ती आपोआप निम्मी व्हायला सुमारे ७.८ कोटी वर्षं लागतील. विकर ती सेकंदाच्या छोट्या अंशात उरकतं.

म्हणजे मुलाचा अर्धा तर्क बरोबर आहे. पेशीत रसायनांपलीकडचं वेगळं काही घातलेलं नाही. पण बुखनरांचा रस काही दिवसांत निकामी झाला. झिजलेली विकरं नव्याने बनवणारं त्यात कुणी नव्हतं, आणि आत-बाहेर असं काही उरलंच नव्हतं.

बाटलीत नेमकं काय कमी पडेल? रुडोल्फ फिरखो यांनी १८५५ मध्ये लिहिलं की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते. आपण ते डीएनएपुरतं समजतो. पण पटलाचंही तेच आहे. नवा मेद बनवणारी विकरं आधीच्या पटलात बसलेली असतात, नवं पटल जुन्यातच भर पडून वाढतं. तंतुकणिका केंद्रकातल्या सूचना वाचून कोऱ्या पाटीवर तयार होत नाही, आधीची तंतुकणिका विभागून नवी होते. तिच्याजवळ स्वतःचा १६,५६९ जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) छोटा डीएनए असतो, कारण तिचे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते. तुमच्या मुलाच्या तंतुकणिका त्याच्या आईच्या अंडपेशीतून आल्या, तिच्या तिच्या आईकडून. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या चमूने एका जिवाणूचा दहा लाखांहून जास्त जोड्यांचा सगळा डीएनए रसायनांपासून जुळवला. तो चालू करायला मात्र त्यांना दुसऱ्या जिवाणूची तयार, जिवंत पेशीच लागली. पटल, रायबोझोम, पंप, सगळं तिचं.

तेव्हा त्याला सांगा की आजपर्यंत नुसत्या रसायनांपासून स्वतःचं स्वतः चालवणारी, विभागणारी पेशी कुणालाही करता आलेली नाही, आणि काही प्रयोगशाळा याच मागे लागलेल्या आहेत. हलवण्याबद्दल त्याने विचारलं, त्याचंही उत्तर आहे. हलवल्याने एक गोष्ट नक्की होईल. बाटलीतला पटलाचा मेद गोळा होऊन त्याचे बारीक पोकळ फुगे बनतील, दोनपदरी, अगदी पेशीच्या पटलासारखे. ॲलेक बँगहम यांनी १९६०च्या दशकात ते पाहिले आणि आज त्यात औषधं भरून शरीरात सोडतात. बाटलीतल्या फुग्यांत मात्र आत जे पाणी, तेच बाहेर. सोडियम दोन्हीकडे सारखं, पोटॅशियम दोन्हीकडे सारखं.